देवाचा तलाव

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक जुनं कॅलेंडर आहे. तारखांची पानं केव्हाच फाटून गेली, चित्र तेवढं राहिलं. आमगावच्या कापडवाल्याने दिवाळीत दिलेलं. बर्फाचे डोंगर, त्यांच्या मधोमध कढईसारखी खोल जागा आणि तळाशी निळं पाणी.

आमचे हे जेवता जेवता त्याच्याकडे बघत बसायचे.

"पाय वं सुमित्रा, तीन बाजूनं पहाड अन् चवथ्या बाजूनं गोट्यांची पाळ. हा तं तलावच हाये! बांधला कोणं असंन?"

आम्ही कोहळी, तलाव बांधणारी जात. गावचा तलाव यांच्या पणजोबांनी बांधला, आणि हे शेवटपर्यंत गावाचे पाणकर होते. कोणाच्या धानाच्या बांधीत पाणी कधी सोडायचं ते हेच ठरवायचे. शाळेच्या गुरुजींनी यांना समजावलं होतं की बर्फाची नदी डोंगरावरून सरकताना ही वाटी कोरून काढते, आणि तिने लोटत आणलेल्या दगडांची पुढे पाळ होते. यांनी मान डोलावली. "म्हंजे देवानंच बांधला," म्हणाले.

आमच्या घरात एक रीत आहे. तलावाचं तुडुम, म्हणजे पाणी सोडायची मोरी, नवी केली की दुसऱ्या मोठ्या तलावाचं गडवाभर पाणी आणून आपल्या तलावात ओतायचं. मागच्या वेळी यांनी नवेगावहून आणलं होतं. पुढच्या वेळी देवाच्या तलावाचं आणू, असं म्हणायचे. त्याआधीच गेले.

गेल्या उन्हाळ्यात तुडुम नवं झालं. आणि नातू भूपेंद्र, नागपूरला नोकरी करतो, पहाड चढायचा त्याला नाद, तो जानेवारीत हिमाचलात अशाच एका वाटीत चालला होता. थंडीत तिथे गोठलेल्या धबधब्यांवर चढायला देशभरातून लोक येतात म्हणे. मी यांचा तांब्याचा फिरकीच्या झाकणाचा गडवा त्याच्या हाती दिला.

"पाणी तलावात उतरून नाही भरायचं. पाळीच्या खालून जिथं धार निघते, तिथून भरायचं. आपली रीत आहे ती."

"हो आजी, तिथूनच भरतो."

शिवरात्रीला नागऱ्याला जाऊन महादेवाचं दर्शन घ्यायचं आणि आल्यावर तलावावर पाणी ओतायचं ठरलं. गावभर झालं, ताराचंदजीच्या, म्हणजे यांच्या तलावात हिमालयाचं पाणी पडणार. डफडेवाले सांगून ठेवले.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी भूपेंद्र आला. सून रीताने चहा ठेवला. तो मोबाइलवर आम्हाला तिथलं दाखवू लागला. मी चष्मा पुसून बसले. वाटी अगदी चित्रातल्यासारखीच होती, मला भरून आलं. मग जवळचं दिसू लागलं. लाल-पिवळे तंबू दाटीवाटीने, जत्रेसारखे. कुठे मोठ्याने गाणी चाललेली. बर्फात अर्धे रुतलेले शेवयांचे पुडे, बाटल्या. आणि तंबूंलगतच्या एका खडकामागे बर्फ पिवळा, तपकिरी, त्यावर कागदाचे बोळेच बोळे.

"हे नको पाहू आजी," तो हसला. "हा आमचा संडास कोपरा."

"एवढा?"

"शनिवार-रविवारी पाचशे माणूस राहते. खाली सारा दगड, खड्डा खोदता येत नाही. अन् थंडीत काही कुजत नाही ना. मागच्या वर्षीचंही तसंच पडून हाये."

मागच्या वर्षीचं. मी हातातला चहा खाली ठेवला.

"अन् पाणी कायचं पिता?"

"बर्फच वितळवतो."

"तंबू कुठं होते तुमचे?"

"पाळीवर. सपाट जागा तेवढीच…" त्याचं हसू गेलं. "तू सांगितलं तसंच भरलं आजी. पाळीच्या खालून. तेवढी एक धार गोठली नव्हती."

आमच्या पाळीवर चपला घालून चढलं तरी हे ओरडायचे. पाळीखालची धार सगळ्यात स्वच्छ, हे आम्ही गृहीतच धरलेलं. तिथे सगळा गाव पाळीवरच बसतो, हे मला कसं सुचावं? पोराने रीत तंतोतंत पाळली आणि पाचशे माणसांची घाण यांच्या गडव्यात भरून आणली.

मी झाकण फिरवलं. पाणी दिसायला निर्मळ होतं. वास मात्र सांडपाण्याच्या गटाराशी येतो तसा.

रीता हळूच म्हणाली, "आई, फेकून देऊ. आपल्या विहिरीचं भरू. कोणाले का कळते?"

तिचं बोलणं मला त्या वासापेक्षा जड गेलं.

"तुझ्या सासऱ्याच्या नावानं ओतायचं आहे, रीता. ढोरांच्या टाक्यात नाही."

मी परसात गेले आणि गडवा उकिरड्यावर उलटा केला. यांनी इतकी वर्षं वाट पाहिलेलं पाणी शेणात जिरलं. मग राख आणि चिंच घेऊन गडवा घासत बसले. भूपेंद्र म्हणाला, "दे, मी घासतो." मी दिला नाही.

दुसऱ्या दिवशी नागऱ्याहून आलो तर पाळीवर माणसंच माणसं. मी रिकामा गडवा घेऊन उभी राहिले आणि होतं ते सांगितलं. डफडं थांबलं. भूपेंद्र खाली मान घालून बाजूला उभा होता.

टिकाराम पुढे आला. यांच्यानंतर तोच पाणकर. गालात तंबाखूचा खर्रा.

"काऊन असं बोलून राहिली वं काकी? हिमालयाचं पाणी घाण कसं होईल? सारी दुनिया पिते."

आणि पाळीवर, नव्या तुडुमाच्या दगडावर, पचकन थुंकला.

"टिकाराम!"

"का झालं? तिथं लोक देवाच्या तलावावर हागून राहिले, अन् मी एवढंसं थुंकलो तं तुले दिसलं!"

दोघंचौघं हसली. त्या लाल ओघळाकडे बघून मला तो पिवळा बर्फ आठवला. तिथेही असंच झालं असेल. पहिला कोणीतरी बसला असेल, आणि दुसऱ्याने त्याच्याकडे बोट दाखवलं असेल.

मी गडवा त्याच्यापुढे धरला. "यात तलावाचं पाणी आण. अन् धू."

"मी?"

"पाणकर तू होय का मी?"

तो इकडेतिकडे बघत राहिला. या वेळी कोणी हसलं नाही. मग चपला काढल्या, उतरला, गडवा भरून आणला आणि हाताने घासून दगड धुतला. एका गडव्यात डाग गेला नाही. भूपेंद्रने त्याच्या हातातून गडवा घेतला आणि पुन्हा भरायला खाली उतरला.