ट्रेमधल्या वस्तू

अणुभट्टीच्या हौदावरच्या पुलावर चढण्याआधी आम्हाला खिसे रिकामे करावे लागत. पाण्यात साधा स्क्रू पडला तरी आम्हा मेकॅनिकल इंजिनिअरांची झोप उडे, म्हणून पाना मनगटाला दोरीने बांधायचा आणि खिशातलं सगळं पुलाच्या पायथ्याशी बसणाऱ्या भिवाच्या ट्रेमध्ये ठेवायचं. भिवा डिलाईल रोडचा, आधी मिलमध्ये होता. त्याच्या नजरेतून टाचणीसुद्धा सुटत नसे.

सत्तावन साली माझ्या बायकोला, लीलाला, तिसऱ्यांदा दिवस गेले. आधीची दोन बाळं पाचवी पुजायच्या आतच गेली होती, त्यामुळे गिरगावातल्या आमच्या घरी बाळाचा विषय कुणी काढत नसे. त्याच आठवड्यात पुलावरून उतरलो, तर ट्रेमध्ये माझ्या रुमालाशेजारी तान्ह्या बाळाच्या बिंदलीतला काळा मणी.

"सायब, ह्यां तुमचांच," भिवा म्हणाला. "दुसरां कोणी इलांच नाय."

पुढच्या महिन्यात दातांनी चावलेली पाटीवरची पेन्सिल आली. मग जांभळी रिबीन. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी जन्मभर टर उडवली होती. पण तिन्ही वस्तू गपचूप लीलाच्या हातात ठेवल्या, ट्रेमध्ये कशा आल्या तेही सांगितलं. ती रिबीन बोटाला गुंडाळत बसली. "म्हणजे शाळेत जाईल हो," ती म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी आईचा विरोध न जुमानता हिंदमाताहून झबल्यांचं कापड घेऊन आली.

मुलगी झाली ती सातव्याच महिन्यात. परळच्या इस्पितळात डॉक्टर म्हणाले, "आजचा दिवस निघू दे, मग बघू." त्या दिवशी नेमका संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ, बस बंद. "तुम्ही ट्रे बघून या," लीला एवढंच म्हणाली. मेव्हण्याची सायकल काढली आणि तुर्भ्याला अणुभट्टीपर्यंत नुसता हाणत सुटलो.

पुलावर चढून बोल्ट तपासले. उतरलो. ट्रेमध्ये रुमाल, पास, किल्ली, पेन. जास्तीचं काही नाही. भिवाने मान खाली घातली.

एकेक वस्तू खिशात टाकू लागलो. पेन बाबांनी दिलेलं, मी इंजिनिअर झालो तेव्हा. जिवात जीव आहे तोवर दुसऱ्याच्या हाती देणार नाही, असं मी सगळ्यांना बजावलेलं. सकाळी चकचकीत असलेलं त्याचं टोपण आता झिजून पिवळं पडलं होतं. कागदावर रेघ ओढली तर निब खरखरलं, शाई उमटेना. काय वाटलं कोण जाणे, पेन डाव्या हातात धरलं. झरझर चाललं; निब डाव्या हाताने लिहून लिहून तसं झिजलेलं.

आमच्या घरात डावखुरं कुणीच नाही. मला रडू फुटलं, आणि रडता रडता हसू. "जगली रे पोरगी, भिवा. चांगली मोठी झाली."

भिवाही हसला. मग पेन हातात घेऊन निरखू लागला, आणि त्याचं हसू हळूहळू थांबलं.

"सायब," तो म्हणाला, "तुम्ही तर जिवात जीव असापर्यंत ह्यां कोणाक देत नाय."