परशराम मास्तरांची शिकवणी

शहापुरातल्या विणकरांच्या गल्लीत इंग्रजी शिकलेले एकटे परशराम मास्तर. सन तीसच्या सुमाराला क्षयानं त्यांना अंथरुणाला खिळवलं, नोकरी गेली, खाणारी तोंडं मात्र तेवढीच राहिली. बेळगावात मुलींच्या एका शाळेला इंग्रजीच्या पहिल्या वर्गासाठी बाई हवी होती. मास्तरांनी खोकत खोकत बायकोलाच शिकवायला घेतलं.

मालुबाई हुशार, पण क्रियापदांशी तिचं जमेना. मास्तर शेजारच्या मागावर सूत घेऊन इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्याकडं बोट दाखवीत. "आण्णाप्पा धोटा फेकतोय. फेकण्याचं काम धोट्यावर घडतंय, म्हणून ते सकर्मक. धागा आपला आपण तुटला की अकर्मक. एवढं ध्यानात ठेव, मग तुला कोण हरवतंय!"

महिन्याभरात ती तांदळातले खडे वेचावेत तशी क्रियापदं वेचू लागली.

मुलाखत घ्यायला धारवाडचे एक वयस्कर साहेब आले होते. माणूस भला. बाई बावरलीय हे बघून त्यांनी विलायती नावं टाळली आणि फळ्यावर आपल्याकडचं नाव घालून लिहिलं: परशराम किल्ड द स्नेक.

"वाचा, आणि क्रियापद सकर्मक की अकर्मक ते सांगा."

उत्तर अगदी जिभेवर होतं. पण आधी वाचायचं होतं, आणि नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे तिच्या हाडीमाशी भिनलेलं. धडधाकट माणसाचं एक वेळ पुटपुटलीही असती. ह्यांचं कसं घ्यावं?

साहेबांना वाटलं, वाक्य जड झालं. बिचाऱ्यांनी पुसून सोपं केलं: परशराम डाइड.

आगीतून फुफाट्यात! मालुबाईनं पदर तोंडाला लावला. कारण सांगावं, तर त्या वाक्याला आपला माणूस आपल्याच तोंडानं जोडायचा.

"बाई, नुसतं वाचा तरी."

"न्हाय जमत, साहेब."

साहेबांनी हळहळून दुसऱ्या बाईला आत बोलावलं.

घरी मास्तर उशीला टेकून वाट बघत होते. "काय विचारलं गं?"

"सकर्मक, अकर्मक."

"मग आलं की तुला!"

"न्हाय आलं."

मास्तरांचा चेहरा उतरला.

"तू रडू नगस. माझ्याच शिकवण्यात खोट ऱ्हायली. लोक उगंच मला मास्तर म्हणत्यात."

तिचा जीव तुटला. खरं सांगायला तोंड उघडलं, पण फळ्यावरचं ते वाक्य त्यांच्यापुढं कुठल्या तोंडानं ठेवणार?

"तुमचं न्हाय चुकलं," एवढंच ती म्हणाली, आणि त्यांना ते खरं वाटलं नाही.