येप्पेचा राहिलेला तास

"कात्री हळू चालव, आणि नजर मुलांवर ठेव." पहिल्या वर्षी हेडमास्तरांनी सांगितलेलं बिर्गितला अजून ऐकू येई. त्याला एकतीस वर्षं झाली. दर डिसेंबरात खाटकाकडून बैलांचे डोळे येत आणि सहावीच्या वर्गात तिची कात्री चाले.

"ही पुढची काच, हे भिंग, मागे हा पडदा. रॉकेटची एक ठिणगी पुरते. नवा डोळा कुणाला मिळत नाही."

"बैलाने चष्मा लावला असता तर?" नील्सने विचारलं.

"तर तुझ्यापेक्षा हुशार दिसला असता."

वर्ग हसला. तिने नववर्षाच्या फटाक्यांसाठीचे प्लास्टिकचे चष्मे वाटले आणि खुर्चीत बसली. पाय सुजले होते.

सगळे गेले तरी आस्ता थांबली. इथे मुलं शिक्षकांना नावानेच हाक मारत.

"बाबा लावत नाही. सिगारेटने वात पेटवतो, अगदी वाकून. म्हणतो, चष्मे पोरांना. तू येऊन सांग ना, बिर्गित. मला तिथे उभंच राहवत नाही."

आस्ताचा बाबा म्हणजे येप्पे. तोही लहानपणी याच वर्गात होता. पहिला काप बसताच धाडकन पडला आणि त्याची आई त्याला घरी घेऊन गेली. चष्मे त्यानंतर वाटले गेले.

"येईन," बिर्गित म्हणाली, आणि लगेच तिला थकवा आला.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी, दुपारी चारलाच काळोख दाटू लागला. बहीण इंगं कॉड मासा धूत होती. बिर्गित बूट चढवायला बसली. डावा काही केल्या चढेना.

"शाळेला सुट्टी आहे ना? येप्पे चाळिशीला आलेला बाप्या. तुझं ऐकणार होय! चारचौघांत हसेल तुला."

"हसू दे."

"मग फोन कर."

बिर्गितने बुटाची नाडी पूर्ण काढून टाकली, पाय आत ढकलला. पिशवीत मोठ्या मापाचा एक प्लास्टिकचा चष्मा टाकला. दुसरा तिथेच, आपल्या वाचायच्या चष्म्यावरून डोळ्यांवर चढवला.

इंगं पाहतच राहिली. "असं ध्यान करून गल्लीतून जाणार?"

"एकट्याला लाज वाटते गं त्याला," बिर्गित म्हणाली. "बटाटे उकडायला ठेव."

तिने सायकल बाहेर काढली.