पाहिल्याची खूण

हॉलमधलं हीटिंग सुरू झालं की ढोलाचं पान सैल पडतं. सामन्याआधी वीस मिनिटं तरी दोऱ्या ओढत बसावं लागतं.

फ्रीडा थालीपिठाला जॅम लावून खाते.

क्लबच्या यादीतला सातवा रकाना अरुंद आहे. बरोबरची एक खूण आणि तारीख, एवढंच त्यात मावतं.

आमचा गोलकीपर चेंडू उजव्या हाताने फेकतो आणि सही डाव्या हाताने करतो.

अन्वीने मंगळवारपासून केस विंचरलेले नाहीत.

पेढ्याचा कागद सरांनी टाकला नाही. घडी करून खिशात ठेवला.

“योखेनचा कागद स्वच्छ होता. शिरीषने स्वतः पाहिलाय.” ऊवे, फॅन-ग्रुपवर, गुरुवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. खाली एकशे चार अंगठे.

शिरीष म्हणजे मी.

*

ओळीने सांगायला हवं. हॅनोव्हरच्या कडेला एक लहान हॉखशूल आहे, आपल्याकडे ज्याला आपण कॉलेज म्हणू. त्यांचा हँडबॉल संघ फाल्केन. फार वर चढत नाही, फार खाली घसरत नाही. नऊ वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एकाने उरलेलं तिकीट दिलं म्हणून मी गेलो. मी गाड्यांच्या ब्रेकवर काम करतो. दिवसभर न घसरण्याचा विचार करणाऱ्या माणसाला साठ मिनिटं ओरडायला मिळालं, तो परत जाणारच.

मग मी ढोल नेला. मग माझ्या मित्राने, सुधीरने नेला. मग भारतातून नवा आलेला राजस ताशा घेऊन आला, आणि फॅनब्लॉकची खालची डावी बाजू आमची झाली. जर्मन लोक आमच्या ठेक्यावर टाळ्या धरायला शिकले. ऊवे, निवृत्त ट्रामचालक, फॅनब्लॉकचा म्होरक्या, भोंगा हातात घेऊन ओरडायचा, “पुणे!” आणि आम्ही सुरू करायचो. राजस मुंबईचा आहे, पण हे ऊवेला सांगायला तो कधी गेला नाही.

क्लबची मुलांची शाखाही आहे. माझी मुलगी अन्वी आठव्या वर्षी तिथे जाऊ लागली. आता ती बारा वर्षांची आहे. फ्रीडा तिच्याच वयाची, तिच्याच संघात, शनिवारी दुपारी आमच्याच स्वयंपाकघरात.

मुलांचा प्रशिक्षक योखेन. वय अठ्ठावन्न. कॉलेजच्या जुन्या संघात बारा नंबरचा शर्ट घालून खेळलेला. सगळे त्याला योखेन म्हणत. आम्ही मराठी पालक मात्र ‘सर’ म्हणायचो, आणि तो जवळ नसतानाही अहोजाहो करायचो.

मंगळवारी पेपरात आलं: मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या आरोपावरून योखेन बी. यांची चौकशी. तक्रार एका बारा वर्षांच्या मुलीची. क्लबने त्यांना दूर केलं.

पेपरने मुलीचं नाव छापलं नव्हतं. मंगळवारी संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांना माहीत होतं, कारण फ्रीडा शाळेत आली नव्हती.

*

ग्रुप, बुधवार.

– मला धक्का बसलाय. योखेनसाठी.

– माझी मुलगी पाच वर्षं तिथे होती. काहीही झालं नाही.

– त्या घरात घटस्फोट चाललाय, माहीत आहे ना?

– गेनाऊ. अगदी तेच.

– गाडीतून सोडायला गेला असेल. हल्ली गाडीतून सोडणंही गुन्हा.

– चौकशी होऊ द्या ना आधी. ती पण आपल्याच क्लबची मुलगी आहे.

हे शेवटचं एका बाईने लिहिलं. तीन मिनिटांत तिला सतरा उत्तरं गेली. चौथ्या मिनिटाला ती ग्रुपमधून बाहेर पडली.

मग प्रश्न आला: क्लब माणसं तपासतो ना?

आणि गुरुवारी सकाळी ऊवेचं ते वाक्य.

*

तपासतो. इथे मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला सरकारी चारित्र्य-दाखला दाखवावा लागतो. मुलांच्या बाबतीतला जुना गुन्हा असेल तर त्यावर येतो. क्लबने त्याची प्रत ठेवायची नसते. कोणीतरी एकाने मूळ कागद पाहायचा, यादीत खूण करायची, तारीख घालायची, कागद परत द्यायचा. ते काम कोणाला नको होतं. मी इंजिनियर, वर भारतीय, म्हणून यादी नीट ठेवेन असं सभेत ठरलं. सगळे हसले, मीही हसलो.

अडीच वर्षांपूर्वीच्या जुलैत यादी पूर्ण करायची होती. तेवीस नावं. बावीस कागद मी पाहिले. तेविसावं नाव योखेन.

त्या आठवड्यात गुरुपौर्णिमा होती. सुधीरच्या घरी मराठी पोरांना जमवून आम्ही सरांना बोलावलं. यादी माझ्या पिशवीत होती. जेवणाआधी बाजूला घेऊन विचारू, असं ठरवून गेलो होतो. सर मोज्यांवर दिवाणखान्यात उभे. पोरं रांगेने वाकत होती. फ्रीडा अन्वीबरोबर आली होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण बाकीची वाकली म्हणून तीही वाकली.

सर लाल झाले. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “मी काय करायचं असतं?”

“डोक्यावर हात ठेवा,” मी म्हणालो.

त्यांनी ठेवला. अरुंधतीने, माझ्या बायकोने, पेढा दिला. आता ज्या माणसाच्या पाया आपली मुलगी पडली, त्याला पाच मिनिटांनी कोपऱ्यात नेऊन, तुमच्यावर कसला गुन्हा नाही ना, कागद दाखवा, असं कसं विचारायचं? मला तोंड उघडवेना. निघताना सरच म्हणाले, “शिरीष, तो कागद राहिलाय ना? आणतो पुढच्या वेळी.”

“सावकाश, सर.”

घरी येऊन मी खूण केली. तारीख त्याच दिवशीची.

कागदावर काय होतं, मला अजून माहीत नाही. कागद होता का, तेही.

*

“तू पाहिला होतास ना?” अरुंधती. बुधवारी, भांडी मशीनमध्ये लावताना.

“हो.”

“नक्की?”

“अगं हो.”

तिने एक ताटली उगाच काढून पुन्हा लावली. “मग बरं,” म्हणाली. “म्हणजे आपण तरी आपलं काम केलं होतं.”

*

मसुदा. आदरणीय कार्यकारी मंडळ, यादीसंबंधी एक लहानशी दुरुस्ती

मसुदा. आदरणीय कार्यकारी मंडळ, त्या दिवशी काही सांस्कृतिक कारणांमुळे

मसुदा. प्रिय ऊवे, तू ग्रुपवर लिहिलंस ते

मसुदा. फ्रीडाच्या आईस,

*

सुधीरला फोन केला. त्याला सांगितलं. जगात आधी त्यालाच सांगितलं, कारण दिवाणखाना त्याचा होता.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तुला कोणी लेखी विचारलंय?”

“नाही.”

“मग हात वर करून उत्तर देणारा तू कोण, वर्गातला हुशार?”

“सुधीर, लोक त्या पोरीला खोटारडी म्हणतायत. आणि पुरावा म्हणून माझी खूण दाखवतायत.”

“दाखवू देत. तू सांगितलंस तर काय होईल? आल्झो, म्हणजे सरळ विचार कर. उद्या पेपरात, ‘भारतीय स्वयंसेवकाने खोटी नोंद केली’. तुझं नाव नाही येणार, भारतीय मात्र येणार. आपल्या अकरा पोरांना कुठला क्लब घेईल? तुझ्या कंपनीतला तो म्युलर, तोही फॅन ना?”

“त्याचं काय?”

“शनिवारी ढोल घेऊन ये. सगळे असतात तिथे असलास की कोणी बघत नाही. नाही आलास तर मात्र बघतील.”

हे त्याचं बरोबर होतं. न जाणं म्हणजेही काहीतरी सांगणं होतं. जाणं म्हणजेही. मी गुरुवार आणि शुक्रवार अशी जागा शोधली, जिथे उभं राहिलं की काहीच सांगितल्यासारखं होणार नाही. ऑफिसात नव्हती. कॉफीच्या मशीनपाशी म्युलर खांद्यावर थाप मारून म्हणाला, “बरं झालं तुमच्यासारखा काटेकोर माणूस होता.” घरातही नव्हती. अन्वीचं दार बंद. आत जाऊन विचारलं, “बाळा, तुला कधी सरांनी...” ती भिंतीकडे तोंड करून जर्मनमध्ये म्हणाली, “मला पोलिसांनी विचारलंय. त्यांना सांगितलंय. मला नाही काही झालं. आता जा.”

मला पोलिसांचं येणं माहीतच नव्हतं. अरुंधतीला होतं. तिने मला सांगितलं नव्हतं.

*

ठरलं होतं ते असं: शनिवारी, बाराव्या मिनिटाला, योखेनच्या जुन्या नंबरसाठी, सगळ्या हॉलने उभं राहायचं. दोन मिनिटं टाळ्या. सुरुवात ढोलाने.

हॉल गच्च. एरवी अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असतात. कापडावर काळ्या अक्षरांत: योखेन आमचा. ऊवेची बायको सगळ्यांना बाराचा आकडा छापलेले कागद वाटत होती. मला दोन दिले, “अन्वीलाही दे.” अन्वी समोरच्या बाजूला मुलांच्या शाखेत बसली होती. शाखेच्या मुलांना यावंच लागलं होतं. केस तसेच.

आमची जागा कठड्याला लागून. पुढे कठडा, मागे माणसं, पोटाला दोरीने बांधलेला ढोल. ढोल सोडल्याशिवाय मला वळताही येत नाही, आणि ढोल सोडायला वाकायला हवं, वाकायला जागा नाही. हे नऊ वर्षं असंच होतं. कधी जाणवलं नव्हतं.

“दादा, बरा आहेस ना?” राजस. “रंग उडालाय तुझा. पाणी देऊ?”

“नको.”

“हाताकडे बघतो तुझ्या. नेहमीसारखं?”

मी ढोलाचं टिपरू या हातातून त्या हातात घेतलं. त्याने ते हो समजून घेतलं असणार.

सहावं मिनिट. आठवं. आम्ही एका गोलने मागे होतो आणि सामना कोणीच बघत नव्हतं. सगळे घड्याळाकडे.

अकराव्या मिनिटाला ऊवेने भोंगा तोंडाला लावला. “लोक विचारतात, आम्हाला इतकी खात्री कशी?” त्याचा आवाज भरून आला होता. तो नाटक करत नव्हता. योखेन चाळीस वर्षांचा मित्र होता. “हा माणूस इथे आहे म्हणून! याने कागद पाहिलाय! शिरीष, सांग त्यांना!”

आणि भोंगा माझ्या तोंडासमोर.

मी म्हणालो, “मी पाहिला नव्हता.”

भोंग्याचं बटण ऊवेच्या बोटाखाली होतं. ते दाबलेलं होतं की नाही, मला कळलं नाही. माझा आवाज मला तरी माझ्या घशातच ऐकू आला. ऊवेला ऐकू गेला. पुढच्या चार-पाच जणांना गेला. ऊवेने माझ्याकडे पाहिलं, जसं एखाद्या आजारी माणसाकडे पाहतात, आणि भोंगा खाली घेतला.

“आत्ता नाही, शिरीष,” तो म्हणाला. “आत्ता नाही.”

“मी कागद पाहिला नाही! ऐका!” मी ओरडलो. आणि सगळ्यांनी थांबावं, इकडे बघावं म्हणून हात वर केला. हातात टिपरू होतं.

आमच्यात टिपरू वर गेलं की सुरू.

राजसचा ताशा कडाडला. सुधीरचा ढोल पडला. नऊ वर्षांची सवय. मागे अकराशे माणसं उभी राहिली, ठेका धरून टाळ्या वाजू लागल्या, आणि मी हात तसाच वर धरून ओरडत राहिलो. जितका जोरात ओरडलो तितका राजस रंगात आला. मला वाटतं त्याला वाटलं मी पेटलोय. माझा ढोल मी एकदाही वाजवला नाही. हे कोणाला कळणं शक्य नव्हतं.

दोन मिनिटं ठरली होती. पाच झाली. समोर मुलांच्या शाखेत सगळी मुलं उभी होती. एक बसलेली होती.

*

परतताना श्टाटबानमध्ये, म्हणजे ट्राममध्ये, अन्वी माझ्या शेजारी बसली नाही. मधली वाट सोडून पलीकडच्या खिडकीशी बसली. मी ढोल दोन गुडघ्यांत धरून उभा. तीन स्टॉप झाले.

“फ्रीडा लाइव्ह बघत होती,” ती जर्मनमध्ये म्हणाली. “तिने मला लिहिलं, मी बघतेय.”

“अन्वी, मी वाजवलं नाही.”

मग ती मराठीत बोलली. ती मराठीत फार क्वचित बोलते, आणि बोलते तेव्हा एकेक शब्द ठेवत बोलते.

“तू हात वर केलास, बाबा.”

“ते थांबवायला.”

“मी तुला ओळखते. तिला काय माहीत?”

समोरचा एक माणूस, गळ्यात फाल्केनचा मफलर, माझ्या ढोलाकडे बघून अंगठा दाखवत होता. तो उतरेपर्यंत मी त्याच्याकडे बघून मान हलवत राहिलो. का, ते सांगता येणार नाही.

*

घरी आल्यावर बूट काढायच्या आधी अरुंधतीला सांगितलं. ती जिन्याच्या पायरीवर बसली. “बुधवारी मी दोनदा विचारलं,” एवढंच म्हणाली.

मग चौकशी अधिकाऱ्याच्या पत्त्यावर लिहिलं. मसुदा केला नाही.

*योखेन बी. यांचा दाखला मी कधीही पाहिलेला नाही. यादीतली खूण माझी आहे. ती खोटी आहे. मला कोणी तसं करायला सांगितलं नव्हतं.*

तेच जसंच्या तसं मंडळाला. तेच ग्रुपवर. ग्रुपवर टाकल्यावर अठ्ठेचाळीस सेकंदांनी ऊवेने मला काढून टाकलं. त्या अठ्ठेचाळीस सेकंदांत किती जणांनी वाचलं, मला दिसायचं बंद झालं. सुधीरचा फोन वाजत राहिला. राजसने लिहिलं, “दादा मला खरंच ऐकू आलं नाही रे.” मंडळाचं उत्तर सोमवारी: नोंद घेतली आहे, चौकशी संपेपर्यंत आपण क्लबच्या आवारात येऊ नये, अन्वीच्या सदस्यत्वाबाबत वेगळं कळवू.

फ्रीडाच्या आईला काय लिहायचं, ते सुचलेलं नाही. अन्वीला विचारलं, तुझ्याजवळ नंबर आहे ना, फ्रीडाला सांगशील का. ती दारात उभी होती. तिने दार लावून घेतलं, पण या वेळी आतून कडीचा आवाज आला नाही, किंवा मी तिथून निघाल्यावर आला असेल.

त्या जुलैत, इतरांबरोबर, मी माझ्याही दाखल्यासाठी अर्ज केला होता. तो नऊ दिवसांत घरी आला. सरांचा मी पुन्हा कधी मागितला नाही.