हलू नये म्हणून बांधलेली होडी

काथ्याची दोरी ओली झाली की फुगते, आणि मग तिची गाठ हाताने सुटत नाही. हे मला माहीत नव्हतं. चांगोला माहीत होतं, पण त्याची नदी एकाच दिशेने वाहणारी.

चांगो पावसाळ्यात उल्हास नदीवर आमच्या भिसेगावच्या लोकांना होडीतून पार करी. पट्टीचा पोहणारा. आमच्या यांनी त्याला बरोबर घेतलं, कारण पाताळगंगेच्या खाडीवरच्या लोकांनी होडी दिली, पण ती सुसरीजवळ न्यायला माणूस काही देईनात.

हे फोटो काढीत. माथेरानच्या पाहुण्यांना खुर्चीत बसवून कंटाळले होते. "माणसं हलतात गं," म्हणायचे. "सुसर उन्हात ओंडक्यासारखी पडते. एक जिवंत सुसर फोटोच्या काचेवर आली ना, तर मुंबईच्या प्रदर्शनात लोक आमचं नाव विचारतील."

आमची येसू तेव्हा सात महिन्यांची. तिला घेऊन मीही बैलगाडीत बसले. यांना एकटं सोडवेना, दुसरं काय.

खाडीच्या बांधावर धोंडूबाई नावाच्या म्हातारीच्या घरी उतरलो. त्या संध्याकाळी मी म्हटलं, "परवा अमावास्या आहे. पाणी जास्त चढेल ना?" पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात चंद्राची आणि भरतीची आकृती मी फळ्यावर काढली होती.

चांगो हसला. "वैनी, पुस्तकातलं पानी पुस्तकातच चढतं. मी पुरात होडी घातलीय. ही काय, डबकं हाय."

हेही हसले. धोंडूबाई मासे साफ करत राहिली. भरतीचं काय कुणाला सांगावं लागतं, असं तिला वाटलं असेल.

पहिल्या दिवशी सकाळी पाणी उतरलेलं असताना होडी चिखलाच्या उतारासमोर लागली. तासाभराने सुसर वर आली. तिच्यामागे पाण्यात आणखी एक पाठ दिसली, असं मला वाटलं. मी बांधावरून ओरडले, "अहो, दुसरी आली!" तो ओंडका होता. सुसर सर्रकन पाण्यात गेली.

दुसऱ्या दिवशी मला होडी कललेली दिसली. पुन्हा ओरडले. चांगो नुसता कूस बदलत होता.

"तुझ्या काळजीचा फोटो निघत नाही," हे शांतपणे म्हणाले. त्यांचा आवाज शांत झाला की मला भीती वाटे. "उद्या तोंड उघडलंस तर गाडी जुंपून घरी पाठवीन."

दोन्ही दिवस सुसर पळाल्यावर ते लगेच परत आले होते. पाणी चढू लागायच्या आत. हे मला नंतर उमगलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी चांगोला सांगितलं, "आज होडी तिळभर हलता कामा नये. काच काय कामाची मग?" खाडीत जुने दोन खुंट रोवलेले होते. चांगोने होडीची दोन्ही टोकं त्या खुंटांना, पाण्याच्या अगदी लगत, करकचून बांधली. नदीवर वाहून जाऊ नये म्हणून तो बांधत असे तशीच. वाजणारं सगळं किनाऱ्यावर ठेवलं: तांब्या, डबा, चांगोचा कोयता. कोयता माझ्या पायाशीच होता.

सुसर उशिरा आली. अर्ध्या उतारावर चढली आणि जबडा उघडून पडली. हे कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याखाली गेले.

खुंटावर कालवांचा पांढरा पट्टा होता. येसूला मांडीवर थोपटत मी त्याच्याकडेच पाहत होते. मघाशी तो पाण्यावर वीतभर दिसत होता. मग चार बोटं. मग दोन. होडी मात्र होती तिथेच, चित्रातल्यासारखी. होडीचा काठ आणि पाणी यांच्यातलं अंतर कमी होत होतं, आणि आतल्या दोघांना काही जाणवत नव्हतं, कारण काहीच हलत नव्हतं.

ओरडावं? दोनदा ओरडले होते, दोनदा खोटी ठरले होते. मी पदर तोंडात धरला. एवढी एक काच होऊ दे, म्हटलं. मग ओरडते.

हे फडक्याखालून बाहेर आले. आत काच असलेली लाकडी चौकट त्यांनी चांगोच्या हाती दिली आणि माझ्याकडे पाहून हात उंचावला. साधलं!

तेव्हा मी ओरडले. "पाणी! दोरी सोडा! अहो, दोरी!"

त्यांना वाटलं, मी आनंदाने ओरडतेय. त्यांनी पुन्हा हात हलवला. हसत होते.

माझा आवाज ऐकून धोंडूबाई धावत बाहेर आली आणि तिने कपाळावर हात मारला. "मेल्यांनो, दोरी आखडून बांधली काय रं! होडीला चढाया सैल ठेवायची अस्ते! कापा, कापा ती!"

कापणार कशाने?

पाणी काठावरून एकाच वेळी आत आलं, सगळ्या लांबीभर. चांगो गाठीला दातांनी भिडला. गाठ सुटेना. मग होडी यांच्या पायांखाली बसली. हे डोंगराकडचे, पोहता येत नव्हतं. चांगोने एका हाताने त्यांचा सदरा धरला, दुसऱ्या हाताने चौकट डोक्यावर धरली होती. सदरा फाटला. मी येसूला धोंडूबाईच्या हातात टाकून कोयता घेऊन चिखलात उतरले, ती मांडीपर्यंत रुतले. म्हातारीने मला बांबूने ओढून काढलं.

हे दुसऱ्या दिवशी ओहोटीला सापडले.

तेरावं झाल्यावर घराच्या मागच्या खोलीची दारं लावून, लाल काचेच्या कंदिलापाशी मी फोटोची ती काच औषधात धुतली. कसं करायचं ते यांनीच शिकवलं होतं. सुसर आली. जबड्यातला दात न् दात. अंगावरचे खवले मोजून घ्यावेत असे. इतकी स्वच्छ काच यांच्या हातून कधी उतरली नव्हती.

दारं उघडली तर चांगो ओट्यावर बसलेला. किती वेळ, कोण जाणे. त्याने वर पाहिलं नाही.

"आलं काय, वैनी?"

"आलं."

तो बोटाने जमीन उकरू लागला. मग म्हणाला, "हलली नाय ना होडी?"

येसू आत रडत होती. मी काच पदराने झाकली.

"नाही," म्हटलं. "तिळभरही नाही."