टडनहॅमचं छप्पर

“विल्फ, अरे थांब! नको!” मेव्हिस ओरडली, पण तोवर तिच्या नवऱ्याने, विल्फ्रेड टडनहॅमने, अख्खी बादली छपरावर उपडी केली होती. फस्स करून जाळ विझला. चाचणी घेणारा अग्निशमन अधिकारी हातातल्या घड्याळाकडे बघतच राहिला.

“मिस्टर टडनहॅम,” तो म्हणाला, “ती आग आम्हीच लावली होती.”

“ठाऊक आहे हो मला!” विल्फ्रेडला धाप लागली होती. “हात थांबले नाहीत, त्याला काय करू?”

थांबणार कसे? उभा जन्म नॉरफोक परगण्यातली घरं बोरूच्या गवताने शाकारण्यात गेलेला हा माणूस. छपरावर ठिणगी दिसली की आधी पाणी, मग विचार, हे बापाने त्याच्या अंगात मुरवलेलं. बापाने शाकारलेलं एक घर ऐन कापणीत जळालं होतं. त्यानंतर बाप कधी शिडी चढला नाही.

लंडनात टेम्सकाठी चारशे वर्षांपूर्वीचं ग्लोब नाटकघर पुन्हा जुन्यासारखं उभं राहत होतं. तशाच ओकच्या तुळया, तशाच चुन्याच्या भिंती. अडलं होतं ते छपरापाशी. मूळचं नाटकघर नाटकात उडवलेल्या तोफेची ठिणगी छपराच्या गवतावर पडून भस्म झालेलं, आणि पुढे सगळं लंडनच जळालं तेव्हापासून शहरात गवताच्या छपराला बंदी. आता बोरूला आग न धरणारं औषध मारायचं, त्याखाली न जळणाऱ्या फळ्या ठोकायच्या आणि नमुन्याचं छप्पर पेटवून बघायचं. अर्ध्या तासात आग खाली उतरली नाही तर परवानगी, नाहीतर कौलं. आणि या बहाद्दराने नमुनाच विझवून टाकला!

“हा नमुना बाद,” अधिकारी म्हणाला. “पुढच्या महिन्यात आणखी एक संधी. शेवटची.”

“चांगले दिवे लावलेस!” परतताना गाडीत मेव्हिस म्हणाली. “त्या जुन्या आगीत कुणाच्या तरी तुमानीने पेट घेतला, तर ती बिअर ओतून विझवली म्हणे. तुझ्यासारखाच कुणी शहाणा असणार.”

“हस, हस. गवताचं छप्पर म्हणजे डोक्यावर मरण, हेच ऐकत आलोय मी. बाप तर ते ऐकतच गेला. आता तिथं कौलं चढली ना, की लोकांचंच खरं ठरेल.”

मेव्हिसचं हसू मावळलं. “मग असं शाकार,” ती म्हणाली, “की आगीलाच घाम फुटला पाहिजे.”

त्याने तसंच शाकारलं. एकेक पेंढी लाकडी चोपण्याने ठोकून इतकी घट्ट बसवली की मधे बोट शिरेना. वाऱ्याला वाट नाही तर आगीलाही नाही, असं स्वतःशीच पुटपुटत तो राबत होता.

चाचणीच्या दिवशी मेव्हिसने त्याची दोन्ही मनगटं पकडून ठेवली. अधिकाऱ्याने पलिता लावला. जाळ वळचणीवरून सरसर वर चढला आणि विल्फ्रेड बादलीकडे ओढ घ्यायला लागला. “सोड मला,” तो म्हणाला. “गप उभा राहा,” ती म्हणाली. नाटकघराचे सुतारही बघायला आले होते. वरचे शेंडे काळे पडले, धूर डोळ्यांत गेला, आणि तो अर्धा तास काही केल्या सरेना.

शेवटी अधिकाऱ्याने वाकून छपराच्या खालच्या अंगाला तळहात लावला.

“गार आहे,” तो म्हणाला. मग मोठ्याने, “अहो, चक्क गार आहे! मिळाली परवानगी!”

सुतारांनी टोप्या उडवल्या. एकजण पाण्याचा पाइप घेऊन पुढे धावला.

“खबरदार!” विल्फ्रेड गरजला. “जळू दे अजून. बघू दे सगळ्यांना!”

आणि हात सोडवून तो सरळ त्या जळत्या छपराखाली जाऊन उभा राहिला.

“मिस्टर टडनहॅम, आधी बाहेर या!”

“का हो? छप्पर असतं कशाला मग? खाली उभं राहायलाच ना?” त्याचे डोळे वाहत होते आणि चेहरा हसत होता. “मेव्हिस, चहा इथंच आण गं.”

मेव्हिसने थर्मास उचलला, डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि वर जाळाकडे न बघता आत जाऊन नवऱ्याशेजारी उभी राहिली.