चाखलेलं मोजायचं नसतं

अयपेरी मेरीमवर नुसती जळत होती, आणि का जळणार नाही सांगा! ओश शहरातल्या कुस्ती स्पर्धेत सत्तावन्न किलोच्या गटात आपल्या नारिन गावातून एकच पोरगी जाणार आणि दोघींना जायचं होतं. त्यांच्या मास्तरांनी, तालाय आगायनी, फैसला करून टाकलेला, "ईदच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काटा. वजनात बसेल ती जाईल. दोघी बसलात तर कुस्ती लावू."

आगायनी हिशेबही शिकवलेला. कर्बोदकं जेवढे ग्रॅम, गुणिले चार, झाल्या कॅलरी. तेव्हापासून अयपेरी भाकरीच्या तुकड्याकडे बघायची आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटायची, "पंधरा ग्रॅम. पंधरा चोक साठ." आपल्या ताटापेक्षा मेरीमचं ताट जास्त मोजायची! ती बया भात चापायची, वर जॅम घालून चहा, आणि गालाची हाडं बघावीत तर कशी कोरल्यासारखी. अयपेरीच्या पोटात असं काही दुखायचं!

मग ईद आली आणि हिच्या डोक्यात आयडिया आली. आपल्याकडे ईदला दारोदार जायचं, आणि कुठल्याही घरातून भाकरी चाखल्याशिवाय निघायचं नाही. नाही म्हणायची सोयच नाही. म्हणजे मेरीमला घरोघर फिरवलं की काम तमाम!

"चल गं, मिळून जाऊ या," अयपेरी अगदी लाडात म्हणाली.

"तू? माझ्याबरोबर?" मेरीम हसली. "सूर्य कुठून उगवला आज?"

निघाल्या. पहिल्याच घरची म्हातारी मावशी, आपली एजे, दारात आडवी आली. "चाखा गं पोरींनो, नाहीतर मला रात्रभर झोप नाही लागायची!" मेरीमनं भाकरी तोडली, कणकेचा तळलेला गोळा, बोरसोक, मधात बुडवला. अयपेरी खूश! आता शेजारी उभी आहे म्हटल्यावर हिलाही चाखावंच लागलं, पण त्याचं काय एवढं? चाखणं म्हणजे काय खाणं असतं? हिच्या आईनं, आजीनं, कुणीच कधी चाखलेलं जेवणात धरलं नव्हतं. दुसरं घर, तिसरं घर, पुढची सगळी आळी. प्रत्येक ठिकाणी हिनं आग्रह करकरून मेरीमला अजून एक बोरसोक घ्यायला लावला, आणि सोबत म्हणून एक आपल्याही तोंडात टाकला. घरी येऊन वर रोजचं मोजलेलं जेवण जेवली. हिशेब चोख!

सकाळी काट्यावर मेरीम छप्पन्न नऊशे.

अयपेरी चढली. सत्तावन्न चारशे.

"काटा बिघडलाय!" ती किंचाळली. "आगाय, मी काल एवढंसंच जेवले!"

"आणि बोरसोक?" मेरीमनं विचारलं.

"ते चाखले फक्त!"

"मीपण. पण मी मोजले, बाई. पीठ, मध, वरचं तेल, सगळं. म्हणून संध्याकाळचं जेवण नि चहा दोन्ही सोडलं. पोटात कावळे ओरडत होते."

तालाय आगाय मिशीत हसले. अयपेरीला वाटलं, जमीन फाटावी आणि मेरीमला आधी आत घ्यावं.

"मेरीमला तिथे सरावाला जोडीदार लागेल," आगाय म्हणाले. "येतेस?"

म्हणजे तिच्या बॅगा उचलायला! अयपेरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती फणकाऱ्यानं दारापर्यंत गेली, थांबली, वळली.

"येते," ती म्हणाली. "पण सरावात रोज पाडीन हिला. दया करणार नाही."

"पाड की," मेरीम म्हणाली.

तेही किती गोड म्हणाली, मेली!